तारघर ओळीतली पुढची खोली

फुलसावंगीहून पुंडलिकरावांचं पत्र आलं ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. द्यायचं नव्हतं असं नाही. मी सात वेळा लिहिलं. पहिलं वाचून पाहिलं तर ते नगरपरिषदेच्या ठरावासारखं झालं होतं. दुसऱ्यात मी इतका आनंद व्यक्त केला होता की माझा मलाच संशय आला. तिसऱ्यात ‘घर तुमचंच आहे’ असं लिहिलं आणि वाटलं, ज्या माणसानं अकरा वर्षांत या घरात पाण्यापलीकडे काही घेतलं नाही, त्याला हे वाक्य टोचेल. पुढच्या चारांत काय होतं ते आता आठवत नाही. सगळी शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवून दिली. तिथं कोणी बघत नाही.

पुंडलिकराव माझे व्याही. त्यांची नयन आमच्या धाकट्या सलीलची बायको. त्यांची शेती, आमची तीन पिढ्यांची कारकुनी. लग्नाच्या वेळी दोन्हीकडून नको ते बोललं गेलं होतं. त्यानंतर दोन्ही घरं एकमेकांशी फार जपून वागू लागली. इतकी जपून, की कधी कधी वाटायचं भांडणच बरं होतं.

पत्र निळं, अंतर्देशीय. अक्षर शाळेतल्या फळ्यावर लिहावं तसं मोठं आणि सुटं.

‘सा. न. वि. वि. आमच्या थोरल्याची सलोनी यवतमाळच्या नर्सिंग कॉलेजात लागली. होस्टेलात नंबर लागला नाही. तुमची पुढची खोली रिकामी दिसली होती. पोरीले तिथं राहता आलं तर बरं होईल. तिचं धान्य मी पोचवीन. गेल्या साली बोंडअळीनं पऱ्हाटी डिसेंबरातच उपटून टाकली, म्हणून विचारून राहिलो असं समजू नये. हे नयनले सांगू नये, तिच्यावर भार नको. तुमच्या मनाले येईल तसं करावं.’

माझ्या मनाला काय येत होतं ते स्पष्ट होतं. मुलीनं यावं. पण ते कळवायची गरज आहे, हे मात्र माझ्या ध्यानात नीट आलं नाही, आणि याचं कारण सांगायला मला अजूनही लाज वाटते. एकतीस वर्षं मी नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात जाहीर नोटिसा लिहिल्या. प्रत्येकीच्या शेवटी एकच वाक्य असे: तीस दिवसांत हरकत न आल्यास कोणाचीही हरकत नाही असे समजण्यात येईल. हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलं की ते माझ्या अंगात गेलं. सात उत्तरं फसल्यावर मी स्वतःशी म्हणालो, राहू दे. आपली हरकत नाही हे त्यांना कळेलच. आणि बायकोला, रत्नप्रभेला, एवढंच म्हणालो, “पुढच्या खोलीत एक खाट असती तर बरं.”

तिनं माळ्यावरची खाट उतरवून घेतली, गादी उन्हात घातली, खोली पुसली. मी रोज संध्याकाळी फुलसावंगीकडून येणाऱ्या महागावच्या गाडीच्या वेळेला ओट्यावर बसू लागलो. जुलै गेला, पोळा गेला. कोणी आलं नाही. त्यांनी दुसरी सोय केली असेल असं मी मनाशी ठरवलं. थोडं बरं वाटलं, थोडं वाईटही. कोणतं जास्त, ते मला सांगता येणार नाही.

त्या नोव्हेंबरात भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. रविवार सकाळ. थोरला स्वानंद आणि त्याची बायको स्पृहा पुण्याहून आलेले. स्पृहा लोकांची घरं सजवून देते. आम्ही सगळे पुढच्या खोलीत चहा घेत होतो. खाटेवर सलील आडवा झाला होता. बाहेर आमच्या ओट्यावर, न विचारता, एक ठरलेलं जोडपं लग्नाआधीचे फोटो काढून घेत होतं. मुलीचा घागरा आमच्या पायऱ्यांवरून खाली गटारापर्यंत पसरला होता.

“बाबा, तुम्ही कुठं राहता ते तुम्हाला माहीत आहे का?” स्पृहानं विचारलं.

“तारघर ओळीत,” मी म्हणालो.

“तेच. लोक अमरावतीहून गाडी काढून इथं कॉफी प्यायला येतात.”

हे मला कळत होतं, पण का येतात ते कळत नव्हतं. आमची ओळ म्हणजे तारघराच्या मागची चौदा घरं. कापसाचा विलायतेतला भाव तारेनं यायचा, तेव्हा दलालांना, वकिलांना आणि माझ्या वडिलांसारख्या तारबाबूंना त्या यंत्राच्या जवळ राहायचं होतं, म्हणून ती झाली. सगळ्यांना सारखे ओटे, सारख्या लाकडी महिरपी. मी नोकरीत असताना या ओळीत कोणी मुलगी देत नसे. खोल्या अंधाऱ्या, नळ एक. आता वकिलांच्या घरात पाव भाजतात, दलालाच्या गादीवर योगाचे वर्ग भरतात, आणि आमच्या शेजारी, जिथं हंसाबाईंचं लोणच्याचं दुकान होतं, तिथं ‘गठाण’ नावाची कॉफीची जागा झाली आहे. बसायला सुतळीनं आवळलेल्या कापसाच्या गाठी, भिंतीवर सरकी काढायच्या जिनातला जुना वजनकाटा, आणि प्रत्येक टेबलावर काचेच्या बाटलीत पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, एक वाळकी काडी, तिला दोन फुटलेली बोंडं.

“जया सरळ बाई आहे,” स्वानंद म्हणाला. जया म्हणजे ‘गठाण’ची मालकीण. तिला आमची पुढची खोली ‘गठाण’ला जोडून हवी होती. “भिंत पाडायची नाही. मधलं बुजवलेलं दार फक्त उघडायचं. तुमची कपाटं, पुस्तकं जशीच्या तशी. आणि तुम्हाला वाटलं तर तुम्हीही इथंच बसायचं.”

“बसून काय करायचं?”

“वाचायचं. जे करता तेच.”

“म्हणजे कॉफीसोबत बाबा,” सलील खाटेवरून म्हणाला. “साखरेसकट का बिगर साखरेचे, तेवढं विचारून घ्या.”

सगळे हसले. मीही हसलो. मला खरं म्हणजे विचार करायला वेळ हवा होता, आणि हसताना तो मिळतो.

“आईला विचारा,” मी म्हणालो.

“मला काय विचारता? मला आवडेल,” रत्नप्रभा म्हणाली. मी चमकलो. ती माझ्या बाजूनं बोलेल असं मी धरून चाललो होतो. “माणसं येतील, चार शब्द होतील. या खोलीत गेली चाळीस वर्षं पानं उलटण्याखेरीज कसला आवाज आहे?”

नयन दारात उभी होती, हातात चहाचा ट्रे. ती आदल्या दिवशीच माहेरून परतली होती, आणि आल्यापासून गप्प होती. “द्या की, बाबा,” ती म्हणाली. “खोली रिकामीच तर आहे. जूनपासून ती खाट पडून आहे. कोणी येत नाही, कोणी जात नाही.”

“ती सलोनीची आहे,” मी म्हणालो.

नयन ट्रे घेऊन एक पाऊल आत आली.

“कोण सलोनी?” स्पृहानं विचारलं.

“माझी भाची. पण तिचं इथं काय?” नयन माझ्याकडे बघत राहिली. “ती लोहाऱ्याला राहते, बाबा. चौघी मिळून एका खोलीत.”

सलोनी यवतमाळातच आहे, लोहाऱ्याला, आमच्यापासून सहा-सात किलोमीटरवर, हे मला त्या क्षणी कळलं. पुण्याची दोघं सोडली तर घरात माझ्याखेरीज सगळ्यांना ते माहीत होतं. मी कधी कोणाला विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर पत्राचं सांगावं लागलं असतं.

मी उठलो, कपाटातून शब्दकोशाचा दुसरा खंड काढला आणि पत्र नयनच्या हातात दिलं. तिनं अक्षर ओळखलं आणि ट्रे जमिनीवर ठेवला. वाचायला तिला फार वेळ लागला.

“हे जूनचं आहे.”

“हो.”

“आता नोव्हेंबर आहे, बाबा.”

“हो.”

“काय लिहिलं तुम्ही त्यांना?”

मी नोटिशीचं सांगितलं. हरकत नसल्याचं कळेल असं वाटलं, म्हणालो. खाटेचंही सांगितलं. स्वानंदनं कपाळाला हात लावला. सलील उठून बसला. आपण कुठं झोपलो होतो ते त्याला आता कळत होतं.

“बाबा, त्यांनी टेंडर नव्हतं काढलं,” तो म्हणाला. तो चेष्टेच्या सुरात म्हणाला नव्हता.

नयन पत्र घेऊन आत गेली.

स्वयंपाकघरात काय झालं ते मला नंतर दोघींनी वेगवेगळं सांगितलं. जिथं जुळलं तेवढंच घेतो आहे.

नयनला राग आला होता, पण तो कोणावर काढावा हे तिला ठरवता येत नव्हतं. भाऊबीजेला माहेरी गेली तेव्हा वडिलांनी सासरचं कोणाचंही नाव काढलं नव्हतं. दरवर्षी ते व्याह्यांसाठी तुरीची डाळ बांधून देत, यंदा आईनं, शकुबाईनं, विचारलं तर म्हणाले, “त्यायले कायले? शहरात सर्व भेटते.” नयनला वाटलं, पिकाच्या चिंतेनं बोलून राह्यले. कपाशी निम्म्यावर आणली होती, तूर वाढवली होती, पाऊस लवकर गेला होता. आता त्या वाक्याचा अर्थ लागत होता.

“आई, तुम्हाला माहीत होतं?” तिनं रत्नप्रभेला विचारलं.

“मला हे म्हणाले, एक खाट असती तर बरं. मला वाटलं यांना दुपारी पाठ टेकायला हवी. मी त्यांची चादरसुद्धा घातली तिच्यावर.” रत्नप्रभा ओट्याला टेकली. “तीन दिवस झोपले नाहीत तिथं, तर मला वाटलं गादी टोचते. मी कापूस पिंजून घेतला.”

नयनला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. तिनं फुलसावंगीला फोन लावला. पुंडलिकराव फोनवर नेहमी शेताच्या या बांधावरून त्या बांधावर बोलावं तसं बोलतात, त्यामुळे रत्नप्रभेला सगळं ऐकू गेलं.

“आबा, तुमी जूनमंदी इकडं कागद धाडलता?”

“तुले कोन सांगतलं?”

“यायनंच सांगतलं. आता, चहा पिता पिता. तुमी मले काहून नाई सांगतलं?”

“तुले सांगतलं असतं तं तू यायच्या मांगं लागली असती. सासरी मिन्नतवारी करणारी लेक मले नाई पाह्यजे.”

“मंग फोन कराचा.”

“फोनवर माणूस अडकते, बाई. तोंडावर नाई म्हनता येत नाई. म्हनून कागद धाडला. कागदाले उत्तर नाई आलं म्हंजे उत्तर आलं. त्यायनं वाईट शब्द नाई लिवला, मी पुन्ना इचारलं नाई. दोघायचीबी इज्जत राह्यली.”

“आबा, त्यायची ना नव्हती. त्यायले वाटलं तुमी पोरीले घिऊन येऊनच राह्यले. खाट टाकली. रोज गाडीच्या टायमाले ओट्यावर बसत होते.”

“खाट टाकली?”

“हो.”

“अन् कागद नाई टाकला?”

“नाई.”

मागे बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती. “मले हे काई समजून नाई राह्यलं,” पुंडलिकराव म्हणाले. “पाच महिने माणूस ओट्यावर बसते, अन् एक ओळ लिवत नाई.”

“मलेबी नाई समजून राह्यलं, आबा.”

“आता जाऊ दे. लोहाऱ्याची खोली या महिन्याच्या अखेरीस सोडाची हाये. घरवाल्याचं पोरगं येते म्हनते. तुई माय म्हनते, पोरीले घरी आना, पुढच्या साली पाहू. मी कालच हो म्हनलं.”

“शिक्षण सोडाचं?”

“बंद नाई, थांबवाचं.”

“थांबवलं म्हणजे बंदच होते, आबा. तुमाले माईत हाये. मी आजच तिले इकडं आणतो.”

“नाई.” आवाज एकदम खाली आला. “तुया सांगन्यावरून नाई येनार ती. मी कागदावर इचारलं, तं मले कागदावरच उत्तर पाह्यजे. नाई तं लोक म्हनतीन, लेकीनं रडून बापाच्या नातीसाठी खोली घेतली. अन् तुले तिथं जलमभर राहाचं हाये.”

नयननं फोन ठेवला आणि पीठ मळायला घेतलं. कणीक मळून झाली तरी ती मळतच राहिली.

दुपारी सलील लोहाऱ्याला गेला आणि सलोनीला स्कूटरवर घेऊन आला. घरात यायचं नाही अशी आजोबांची ताकीद होती, म्हणून ती ओट्यावरच बसली. आम्ही सगळे तिच्याभोवती ओट्यावर आलो. शेजारून जयानं वाकून पाहिलं आणि न विचारता कॉफीचे दोन कप आणून ठेवले. मी यापूर्वी त्या मुलीला लग्नात पाहिलं होतं, सात-आठ वर्षांची असताना. आता ती पांढऱ्या पंजाबी ड्रेसमध्ये होती, केस घट्ट वर बांधलेले.

“मी इथं दोनदा येऊन गेलती,” ती म्हणाली. “मैत्रिणींसोबत. त्यांना या ओट्यावर फोटो काढायचा होता. मी सांगितलं नाही की हे माझ्या आत्याचं घर आहे.”

“बेल वाजवायची ना, बाळा,” रत्नप्रभा म्हणाली.

“आबांनी सांगितलं होतं, बोलावल्याशिवाय पायरी चढायची नाही. पायरी चढली, पण फोटोसाठी.” ती थोडी हसली. “खिडकीतून खाट दिसली. स्वच्छ चादर, उशाशी पाण्याचा तांब्या. मला वाटलं घरात कोणीतरी आजारी आहे.”

तांब्या मीच ठेवला होता. येणाऱ्याला तहान लागेल म्हणून.

“तुला यायचं आहे का?” मी विचारलं. हा प्रश्न आतापर्यंत कोणीच विचारला नव्हता, हे माझ्या ध्यानात विचारल्यावर आलं.

“आजोबा, मला खरं सांगू का? लोहाऱ्याला मजा आहे. आम्ही चौघी हव्या तेव्हा मॅगी करतो. पण अभ्यास होत नाही. एकीला दिवा लागतो, दुसरीला अंधार लागतो. जानेवारीत परीक्षा आहे. सकाळी सातला वॉर्डात हजर व्हावं लागतं आणि लोहाऱ्याहून पहिला ऑटो कधी मिळतो, कधी नाही. दोनदा खाडा लागला. तिसरा लागला तर परीक्षेला बसू देत नाहीत.” तिनं कॉफीतला फेस चमच्यानं बाजूला केला. “इथून कॉलेज पायी दहा मिनिटं. पण आबा हो म्हटल्याशिवाय मी येणार नाही. त्यांनी एकदा मान खाली घालून विचारलं. दुसऱ्यांदा त्यांना तसं करायला लावणार नाही मी.”

“त्यांना विचारायचंच नाही आता,” नयन म्हणाली. “सांगायचंय. कागदावर.”

स्वानंद इतका वेळ कठड्याला टेकून ऐकत होता. त्याचं वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. तो व्यवहारी आहे आणि त्याला माझी काळजी आहे. “ठीक आहे, पण इथं अभ्यास होईल का?” तो म्हणाला. “संध्याकाळी इथं गिटार वाजतं. शनिवारी तर रस्ता भरतो. तिला माडीवरची खोली द्या. पुढची जयाला देऊन टाकू. तिनं सामानही सांगून ठेवलंय, उद्या ती विचारायला येईल.”

माडीवरची खोली सलील-नयनची. त्यांचं सामान कुठं जाईल याचा विचार त्यानं केला नव्हता. नयननं सलीलकडे पाहिलं, आणि सलीलनं आपल्या चपलांकडे.

तेवढ्यात स्पृहा म्हणाली, “नाही, स्वानंद. पुढचीच द्यायला हवी.”

आम्ही सगळे तिच्याकडे वळलो. सकाळी हिनंच तर ‘गठाण’चा विषय काढला होता.

“मी पुण्यात पहिली दोन वर्षं आत्याकडे काढली,” ती म्हणाली. “घराच्या मधल्या खोलीत. आत-बाहेर करताना प्रत्येक वेळी कोणाच्या तरी अंगावरून जावं लागायचं. शेवटी मी उशिरा घरी येऊ लागले, कारण सगळे झोपले की बरं वाटायचं. पुढच्या खोलीला रस्त्यावरचं दार आहे. तिला सकाळी साडेसहाला निघता येईल, कोणाला उठवावं लागणार नाही. गिटारचं मी जयाशी बोलते.”

“तू तर म्हणाली होतीस, खोली वाया जाते आहे,” स्वानंद म्हणाला.

“मला माहीत नव्हतं ती कोणाची आहे.”

मग सगळ्यांनी रत्नप्रभेकडे पाहिलं. ती सकाळपासून एका बाजूला होती आणि मला वाटत होतं की आता तिचं मन मोडावं लागणार. तिच्या मनात काय होतं ते तिनंच मला पुढे सांगितलं. तिला ती खोली खरंच हवी होती, कॉफीसाठी नव्हे. पहिल्यांदा जयाकडे गेली तेव्हा एका अनोळखी मुलीनं तिला विचारलं, आजी, तुमची साडी कुठली? त्यावर तिला सोळा मिनिटं बोलता आलं. सोळा मिनिटं तिनं घड्याळात पाहिली होती. इतकं सलग ती माझ्याशी कधी बोलली होती ते तिला आठवेना. आणि मलाही आठवत नाही.

“खोली मुलीला द्या,” ती म्हणाली. “जयाकडे जायला मला चार पावलं पुरतात. पण एक सांगते, ही आली की मी इथं येऊन बसणार. अभ्यास करत असेल तेव्हा नाही. इतर वेळी.”

“बसा की, आजी,” सलोनी म्हणाली.

“आणि ती काडी,” नयननं शेजारच्या खिडकीतल्या बाटलीकडे बोट केलं, “आबा आले तर त्यांना दाखवू नका.”

“काहून?” सलोनी म्हणाली. “त्यायले फोटो धाडला मी. आबा म्हनले, आमी चुलीत घालतो ते हे लोक फुलदानीत घालते, आपून काई चुकून राह्यलो का?”

पहिल्यांदाच सगळे मोकळेपणानं हसले. हसणं थांबल्यावर सगळे माझ्याकडे बघू लागले. बाकी सगळं ठरलं होतं. माझंच काम उरलं होतं.

मी आत जाऊन बसलो. नयननं कपाटातलं कोरं अंतर्देशीय काढून माझ्यासमोर ठेवलं आणि दार लोटून घेतलं. तासभर मी काहीच लिहिलं नाही. क्षमा मागावी तर कारण सांगावं लागेल. कारण सांगावं तर ते इतकं हास्यास्पद की पुंडलिकरावांना वाटेल, म्हाताऱ्यानं काहीतरी बनवलं. मी जुनी सात उत्तरं काढली. वाचून पाहिली. त्यांतल्या एकाही ओळीत सलोनीचं नाव नव्हतं. सगळीकडे ‘आपली नात’, ‘आपला प्रस्ताव’, ‘सदर खोली’. मला वाटतं, मी त्या मुलीला उत्तर देत नव्हतोच. मी स्वतःची भाषा तपासत बसलो होतो. हेही बरोबर आहे की नाही, माहीत नाही.

शेवटी हे लिहिलं:

‘पुंडलिकराव, तुमचं पत्र जूनमध्येच मिळालं. उत्तर दिलं नाही ही चूक माझी. नयनची नाही आणि घरातल्या कोणाचीच नाही. पुढची खोली सलोनीची आहे. तिला रस्त्यावरचं दार आहे, किल्ली तिच्याजवळ राहील. महिनाअखेरीची वाट बघू नका. तुम्ही स्वतः तिला घेऊन या आणि त्या दिवशी आमच्याकडे जेवा. नाही म्हणायचं असेल तर तसंही लिहा, पण लिहा. यज्ञेश्वर.’

पुन्हा वाचलं तर ते फार उघडं वाटलं. तेही फसलेलं आठवं उत्तर ठरण्याआधी मी त्याच्या कडा चिकटवल्या.

सोमवारी सकाळी सलोनी वॉर्डातून परस्पर आली होती. पत्र जातं की नाही ते बघायला, असं ती म्हणाली. माझ्यावर तिचा विश्वास नव्हता आणि त्यात तिची काही चूक नव्हती. आम्ही दोघं ओळीच्या तोंडाशी गेलो. तिथं तारघराच्या भिंतीला लाल पेटी आहे. माझ्या लहानपणापासून आहे. मी पत्र आत टाकलं आणि मला एकदम हलकं वाटलं.

“आजोबा,” सलोनी म्हणाली, “ही पेटी चालू नाही.”

“चालू नाही म्हणजे?”

“डेकोरेशन आहे. नवीन रंग दिलाय बघा. पोस्टानं केव्हाच बंद केली, म्हणून यांनी ठेवून घेतली. लोक फोटो काढतात हिच्याजवळ.”

मी पेटीकडे पाहिलं. उघडण्याच्या वेळांची पाटी होती, पण तिच्यावर वेळा नव्हत्या. त्या जागी कॉफीचा एक कप रंगवलेला होता. मी रोज हिच्यासमोरून जात होतो. जूनमध्ये मी उत्तर टाकलं असतं तर ते हिच्यातच टाकलं असतं, हा विचार मनात आला, आणि त्यानं मला दिलासा वाटावा की भीती, ते समजेना.

सलोनीनं जयाकडून किल्ली आणली. पेटीत कॉफीची बिलं होती, चॉकलेटचे कागद होते, आणि कोणीतरी कोणाला तरी लिहिलेल्या, पत्ता नसलेल्या चार-पाच चिठ्ठ्या होत्या. माझं निळं पत्र वर होतं. चिठ्ठ्या तिनं परत आत ठेवल्या.

आम्ही मोठ्या पोस्टापर्यंत चालत गेलो. ती भरभर चालते आणि मध्ये मध्ये थांबून माझी वाट बघते. वाटेत तिनं एकदा विचारलं, “ती कपाटं तिथंच राहतील ना? मला त्रास नाही त्यांचा.” मी राहतील म्हणालो.

खिडकीवरच्या बाईंनी पत्र उलटसुलट करून पाहिलं. “रजिस्टर करायचं का, काका? पोचपावती येईल.”

मी गोंधळलो. पावती घेतली तर पुंडलिकरावांना वाटेल, मी कचेरीचं पत्र धाडलं. नाही घेतली तर ते पोचलं की नाही, हे मला कळणार नाही. मी सलोनीकडे पाहिलं. तिनं खांदे उडवले. मागचा माणूस घसा खाकरत होता.

“साधंच,” मी म्हणालो.

“मग बाहेरच्या पेटीत टाका.”

बाहेर पेटी होती, गंज चढलेली, वेळांची पाटी असलेली. मी पत्र फटीत अर्धं घातलं आणि थांबलो. सलोनी बाजूला उभी राहून रस्त्याकडे बघत होती, माझ्याकडे मुद्दाम नाही. मी बोटं सोडली. ते पडल्याचा आवाज आला नाही. खाली आधीच बरीच पत्रं असावीत.